कुंभारनीचं घर आन् आमचं दार

म्या एकदा बायकूचा घेवडा मारला. आळ्यांनी खाल्ला आसता तर निदान त्यांच्या पोटात तरी गेला आसता. म्या नुसताच मारला.

आमचं गाव भोरवरनं वरंधा घाटाकडं जाताना हिर्डोशीच्या बाजूला, डोंगराच्या अंगाला. भात आन् नाचनी, आन् घरामागच्या परड्यात बायकूचा घेवड्याचा मांडव. त्या मांडवात तिचा जीव. फुलं धरायला लागली की मला तिकडं फिरकायची मनाई, कारन एकदा म्या मांडवाच्या मेढीला टेकून झोपलो हुतो आन् मेढ घेऊनच खाली आलो हुतो. तर त्या साली फुलात आळ्या पडल्या. म्या म्हनलं, आपन बी कायतरी करून दाखवावं. भावकीतल्या एकाकडनं फवारायचा पंप मागून आनला, दुकानातलं औषध घातलं, आन् बायकू भोरला बाजाराला गेल्ती तेवढ्यात आख्खा मांडव धुऊन काढला. पाठीवर पंप, तोंडाला टावेल, म्या सोताला लई मोठा बागायतदार समजत हुतो.

तिसऱ्या दिवशी पानं पिवळी पडली. आठवड्यात मांडवाचं सरपन झालं. मागनं कळलं, त्या भावकीवाल्यानं त्याच पंपातनं बांधावरचं गवत जाळायचं औषध मारल्यालं, आन् म्या पंप न धुताच भरला. पंपाला चिठ्ठी बांधल्याली हुती म्हनं, 'धुवून वापरा'. चिठ्ठी म्या बघितली हुती. पन माझ्या काय कामाची? म्या दुसरीत दोनदा बसलो. तिसऱ्या टायमाला मास्तरच म्हनलं, बाबा, तू आता गुरं वळ, तुजं बी भलं आन् माजं बी.

आळ्या मातर गेल्या. त्यांना खायलाच काय उरलं न्हाई.

बायकू दोन दिस बोलली न्हाई. मंग बोलली ते आठ दिस बोलली.

म्हनून म्होरल्या साली मांडव सुनेनं हातात घेतला. माझी सून कामथडीची, हायवेकडची, बारावी शिकल्याली. ल्योक शिरवळला कंपनीत, पाळीवर, आठवड्यातनं एकदा घरी. बाकी दिस घरात आमी तिघंच. सून मला मामा म्हनती, बायकूला आत्या. तिनं पावसाळ्याच्या तोंडाला घेवडा टोकला त्याच दिवशी मला सांगितलं, "मामा, ह्या वर्षी परड्यात पंप येणार नाही. तुमचाही नाही, दुसऱ्या कुणाचाही नाही."

म्या म्हनलं, "माझ्यामुळं?"

"तुमच्यामुळं पण," म्हनली.

दुसरं कारन तिनं सांगितलं न्हाई, पन मला ठावं हुतं. लग्नाला चार वर्सं झाल्ती, घरात पाळना न्हवता. भोरच्या डॉक्टरीनबाईनं तिला गोळ्या दिल्त्या आन् सांगितल्यालं, फवाऱ्याच्या वाऱ्याला उभी राहू नको. बायकूनं ते आख्ख्या आळीला सांगितलं. आमच्या घरात गुपित ठिवायला जागाच न्हाई, दोन खोल्या आन् दोन तोंडं, माझं आन् बायकूचं.

त्या साली गावात देवळाम्होरच्या झाडाखाली शेतीशाळा भरायची. सरकारी मॅडम यायच्या, बाया बसायच्या. म्या बी जायचो, चा असायचा म्हनून. मॅडमनी किड्यांची चित्रं दावली. म्हनल्या, काही किडी पीक खात्यात आन् काही किडी त्या किड्यांना खात्यात, त्या मित्रकिडी. त्यांना मारू नका. म्या मागनं इचारलं, "मॅडम, वळखायचं कसं? कपाळावर लिवल्यालं आसतं का?" बाया हसल्या. मॅडम म्हनल्या, "लिहिलेलं असतं तर तुम्हाला वाचता येतं का काका?" मंग बाया अजून जास्त हसल्या. म्या गप चा पिला.

सून मातर वहीत लिवून घ्यायची. मांडवाच्या कडंनं तिनं झेंडू लावला. कोथिंबीर काडली न्हाई, फुलावर जाऊ दिली, का तर मित्रकिडींना बसायला फुलं पायजेत. बायकू म्हनली, "कोथिंबीर फुलावर घालवती, ही कसली शिकल्याली!" सून आपली रोज सकाळी उठून एकेक पान उलटं करून बघायची. मावा दिसला की त्यावर टिपक्याटिपक्याचा लाल किडा शोधायची, न्हाई घावला तर शेजारच्या बांधावरनं धरून आनून सोडायची. एकदा म्या तिला मदत म्हनून पानावरच्या काळ्या, काटेरी आळ्या चिरडून दिल्या, धा-बारा. तिनं बघितलं आन् कपाळाला हात लावला. ती त्याच लाल किड्याची पोरं हुती. म्हनली, "मामा, तुम्ही फक्त बसा. बसायला तुम्हाला चांगलं जमतं."

आन् मंग नवरात्राच्या आदी कुंभारीन आली.

तुमच्याकडं तिला काय म्हनत्यात ठावं न्हाई. माशीच ती, काळी-तांबूस, कंबर आशी बारीक की मधी दोराच बांधल्यावानी. मोरीच्या कडंचा वला चिखल तोंडात धरून आनती आन् भितीला, फळीला, कुठं बी आडोशाला मातीची गोल घरं बांधती. आमच्याकडं समदे मानत्यात, कुंभारनीनं घरात घर केलं की त्या घरात पाळना हलनार. गोल बांधलं तर लेक, लांबट बांधलं तर ल्योक. आन् ते घर फोडायचं नसतं. फोडलं तर काय हुतं ते कोनच सांगत न्हाई, नुसतं डोळं मोठं करत्यात. माझ्या टायमाला बी आईनं बघितल्यालं म्हनं. कुंभारीन आर्धंच घर बांधून निघून गेल्ती. म्हनून म्या आसा.

तर चार वर्सांत आमच्या घरात कुंभारीन तीनदा आल्ती. दर बारीला बायकू दिवा लावल्यावानी खूश व्हायची. दर बारीला आळीतल्या बाया बघायला यायच्या. आन् दर बारीला कायच व्हायचं न्हाई. त्या साली तिनं मागल्या दाराला बांधलं, आतल्या अंगानं, कडीच्या जरा वर. एक झालं, दोन झाली, बघता बघता पाच घरं एकाला एक चिकटून. नवरात्राची झाडलोट निघाली, गोधड्या धुतल्या, भिती झाडल्या, भांडी घासली, पन बायकूनं सांगितलं, मागल्या दाराला झाडू लावायचा न्हाई. सुनेनं दाराच्या कडंकडंनं झाडलं आन् मधी तेवढं सोडलं.

हितं म्या जे केलं ते सांगायला जीभ जड हुती. पन सांगतो.

एसटीच्या थांब्यावर आमी चार म्हातारी बसत आसतो. म्या बोलायचं आन् तिघांनी हसायचं, आसं ठरल्यालंच हाय. लोकं हसली की मला पोट भरल्यावानी वाटतं. त्या दिशी म्या म्हनलं, "आमच्या कुंभारनीनं आता चाळच काडली. पाच खोल्या! चार वर्सांचा बॅकलॉग सून एकदम भरून काडनार." तिघं बी हसलं. एकाला ठसका लागला. म्या आजून दोन-चार खोल्या वाडवल्या.

सांच्याला सुनेनं म्होरं चा ठिवला. म्हनली, "मामा, चाळीचं मला नळावर कळलं."

तेवढंच. आन् आत गेली. चात साखर बरोबर हुती. रोजच्यावानीच हुती. त्याचा मला जास्त तरास झाला.

दुसऱ्या दिशी बायकू देवळात गेल्ती तवा सून माझ्याजवळ येऊन हुभी राह्यली. म्हनली, "एक काम कराल? ते दारावरचं फोडून टाका."

म्या म्हनलं, "आगं, तुजी आत्या माझं डोस्कं फोडंल."

"मी फोडलं तर माझ्यावर येईल. जन्मभर म्हणतील, हिनंच फोडलं. तुमचं काय, तुमच्या हातून काहीही होऊ शकतं, सगळ्यांना माहीत आहे." हे बोलताना ती रागात न्हवती. खरं तेच बोलत हुती. मंग म्हनली, "चार वर्षं बाया येतात, आधी भिंतीकडं बघतात, मग माझ्या पोटाकडं. मला आता नको झालंय. दिवाळीला मी कामथडीला जाईन. पुढचं मग बघू."

'मग बघू' म्हनलं की मला भ्या वाटतं. म्या जन्मात जे जे केलं न्हाई ते समदं 'मग बघू' म्हनूनच ऱ्हायलं. ल्योकाला फोन करावा म्हनलं, पन काय सांगू? तुजी बायकू माहेरी जाती आन् परत यायचं तिनं सांगितलं न्हाई, कारन तुज्या बापानं थांब्यावर चाळ बांधली?

खुरपं घेतलं आन् दाराजवळ गेलो. कडंचं एक घर टोकानं जरासं खरवडलं. माती वाटली त्यापेक्षा घट्ट. एक टवका उडाला आन् आतनं हिरव्या आळ्या माझ्या पायावर पडल्या. सात का आठ. जित्त्या. बोट लावलं की अंग जरासं आखडायच्या, पन पळायच्या न्हाईत, थांब्यावर दारू पिऊन पडल्याल्या मानसावानी. म्या घाबरलो. म्हनलं, फोडू नको म्हनत्यात ते ह्याच्यासाठीच. वराडलो, "आगं ये, बघ म्या काय केलं!"

सून पळत आली. बघितलं, खाली बसली, एक आळी तळहातावर घेतली. मंग उठून परड्यात गेली आन् घेवड्याच्या फुलातनं एक आळी घेऊन आली. दोनी शेजारी शेजारी धरल्या. सारख्याच.

"मामा," म्हनली, "ह्या आपल्या घेवड्यातल्या आहेत."

त्या दिशी आमी दोघं मागल्या वट्यावर बसलो, सासरा आन् सून, आन् एका माशीची वाट बघत ऱ्हायलो. कोन बघितलं आसतं तर म्हनलं आसतं, म्हाताऱ्यानं आता सुनेला बी बिघडावली. माशी आली. चिखलाची गोळी आनली, तोंडानं पसरली, गेली. परत आली. घर मडक्यावानी गोल झालं, वर बारकं तोंड. मंग ती मांडवाकडं गेली, येलात शिरली, आन् परतली तवा पायात हिरवी आळी. आळी तिच्यापेक्षा जड दिसत हुती. दारावर आपटली, घसरली, परत उचलून तोंडातनं आत ढकलली. आन् परत मांडवाकडं.

सून म्हनली, "डंख मारून बधिर करते. मारत नाही, नाहीतर नासतील. आत आधी अंडं टांगून ठेवलेलं असतं. पोर बाहेर आलं की ताजं खाणं. शेतीशाळेत ऐकलं होतं, पण आपल्या दाराला चाललंय हे कुठं माहीत होतं?"

मला एक गोष्ट तवा पैल्यांदा उमगली. आमी चार वर्सं, आन् माझी आई, तिची आई, समदे त्या माशीकडं बघून म्हनत आलो की ही आमच्यासाठी सांगावा घेऊन येती. आन् तिला आमची खबर सुदीक न्हवती. ती आपल्या पोरांचा डबा भरत हुती. दाराच्या आत कोन रडतंय, कोन नवस बोलतंय, तिला काय ठावं?

त्या साली मांडवात आळी कमी का, ते बी उमगलं. म्या म्हनलं, "मंग आता? फोडू का नको?"

सून उठली, दाराजवळ जाऊन बघून आली. मंग म्हनली, "राहू द्या. ती काम करतेय."

"आन् बाया?"

"बाया येतील," म्हनली आन् आत गेली. भाकरी थापायचा आवाज यायला लागला, नेहमीपेक्षा जरा मोठा.

म्या हुतो तिथंच. एक तर घेवडा वाचतुया, न्हाई तर सून. आन् माझं डोस्कं म्हंजे तुमी बघताच हाय. पन त्या डोस्क्यात एक इचार आला: घर हितनं हलवलं तर? घर फोडायचं न्हाई. घरातबी ठिवायचं न्हाई. माती दाराला चिकटल्याली, तर दारच हलवायचं. दार परड्यात गेलं की कुंभारीन घरात ऱ्हायलीच न्हाई. मंग बाया बघायला कशाला येतील?

म्होरल्या बाजाराच्या दिशी बायकू भोरला गेली. सून नदीवर धुनं घेऊन गेली. म्या बिजागऱ्यांचं खिळं काडायला घेतलं. गंजल्यालं. दोन निघालं, तिसऱ्यानं माझा आंगठा घेतला. शेवटी दार निघालं ते एकदम माझ्या अंगावर. आंब्याच्या फळ्यांचं जुनं दार, ते डोस्क्यावर घेऊन म्या परड्याकडं निघालो. घरं वरल्या बाजूला, म्हनून वाकायचं न्हाई, हलायचं न्हाई. वाटंत शेजारची वहिनी भेटली, नात्यानं माझी भावजय.

"भावजी, दार कुठं निघालं?"

"फिरायला," म्या म्हनलं.

मांडवाच्या मेढीला दार हुभं करून काथ्यानं बांधलं. एक घर म्या फोडल्यालं, आमी बघितल्यालं धरून पाच बंद, आन् एक नवं, आर्धं, तोंड उघडं. बाकी कायबी फुटलं न्हवतं. म्या लई खूश. वट्यावर येऊन तंबाखू मळत बसलो.

तेवढ्यात कुंभारीन आली. पायात आळी. सरळ दाराकडं आली, पन दार कुठं हुतं? जिथं कडी हुती त्या जागंला ती हवेतच थांबली. घिरटी घातली. मागं गेली, परत आली, परत त्याच जागंला. घर जिथं हुतं तिथं नुसती हवा. म्या उठलो. तिला हात करून सांगायला लागलो, "हिकडं, बाई, हिकडं. परड्यात, मांडवाखाली. हितनं नीट जा आन् डावीकडं." एसटीतनं उतरल्याल्या पाव्हन्याला वाट सांगावी तसं. ती काय माझं ऐकती! आळी तशीच धरून घिरट्या घालती. म्या तिच्या म्होरं म्होरं परड्याकडं चालून दावलं, दोन बारी. ती आली न्हाई.

मागनं हसू आलं. सून धुन्याची बादली घेऊन हुभी. कंदीपासनं बघत हुती देव जाने. ती हसत हुती, बादली खाली ठिवून, वट्यावर बसून. चार वर्सांत म्या तिला आसं हसताना बघितलं न्हवतं. आन् म्या म्हनत हुतो, म्या लोकांना हसवतो.

पन हसून झाल्यावर आमी दोघं बी तिथंच बसून बघत ऱ्हायलो. ती माशी दुपार टळेपतूर येत ऱ्हायली. शेवटी आळी तिच्या पायातनं पडली. सुनेनं ती उचलली आन् परड्यातल्या दाराच्या उघड्या तोंडाशी नेऊन ठिवली. त्याचा काय उपेग हुनार न्हाई, आमाला दोघांना ठावं हुतं.

बायकू चारच्या एसटीनं आली. आत शिरली तर मागलं दार सताड. चुलीवर शेजारची कोंबडी, भाकरीच्या टोपलीत मांजर.

"दार कुठं हाय?"

"परड्यात."

"परड्यात काय करतंय?"

"हुभं हाय."

ती परड्यात गेली. म्या मागं मागं, जरा लांबनं, तिच्या हातात भाजीची पिशवी हुती म्हनून. दार बघितलं, दारावरची घरं बघितली. मला वाटलं आता बोलंल. ती खाली बसली आन् पदर तोंडाला लावला.

"तेवढंच एक चांगलं चिन्ह हुतं," म्हनली. "ते बी तुमी घराभायेर काडलंत."

हे म्या धरल्यालंच न्हवतं. म्या सुनेचा इचार केला हुता, घेवड्याचा केला हुता, बायकूचा केलाच न्हाई. ती जे मानत हुती त्याला म्या हसत आलो, आन् ती तेवढ्यावर दिस काडत हुती. सून तिच्याजवळ जाऊन बसली. म्हनली, "आत्या, हे बघा." आन् म्या फोडल्याल्या घरातलं वाळून गेल्यालं अंडं तिला दाखवलं. आळ्या दाखवल्या. समदं सांगितलं, आळी कशी धरती, अंडं कसं टांगती. बायकू ऐकत हुती का न्हाई मला कळंना. शेवटी एवढंच म्हनली, "म्हंजे ही आपल्यासाठी येतच न्हाई?"

सून म्हनली, "आपल्यासाठी येते की. घेवड्यासाठी येते."

बायकू उठली आन् कोंबडी हाकलायला गेली.

आता गावाचं सांगतो. दाराची बातमी त्याच सांजंला थांब्यावर पोचली. म्या जुगारात हरलो, म्या दार गहान टाकलं, मला भूतबाधा झाली, तीन दिसांत तीन गोष्टी. नळावर बाया सुनेला इचारायला लागल्या, "तुज्या सासऱ्याचं डोस्कं बरं हाय ना गं?" हे मला सुनेनंच सांगितलं, लई मन लावून, आवाज काडून. मागल्या दाराला म्या पोतं लावलं, त्यातनं वारं शिरायचं आन् बायकू कुडकुडत शिव्या द्यायची. बाया यायच्या ते आता दार बघायला. सून त्यांना मांडवाखाली न्यायची, मातीची घरं दावायची, पानं उलटी करून लाल किडं दावायची. शेतीशाळंच्या मॅडमवानी. एका बाईनं तिला इचारलं, "आमच्या वालाला बी आळी हाय, काय करू?" पोटाचं कोनी इचारलं न्हाई.

मला वाटलं, जमलं. माझ्या हातनं कायतरी जमलं.

आन् दिवाळीच्या पाच-सा दिस आदी सकाळी बघतो तर कुंभारीन परत. दाराच्या जागंला नुसती चौकट ऱ्हायली हुती, तिच्या आतल्या बाजूला तिनं नवं घर मांडल्यालं. त्या चौकटीला! घरातच! म्या डोस्क्यावर दार वाहिलं, आंगठा फोडून घेतला, आख्ख्या गावात येडा ठरलो, आन् तिनं दोन बोटांवर परत बिऱ्हाड थाटलं. म्या म्हनलं, आता चौकट बी काडावी लागंल. मंग भित.

शेजारची वहिनी त्याच दिशी मीठ मागायला आली. तिचं मीठ कुंभारीन आली की हमखास संपतं. चौकटीकडं बघितलं आन् तिचं त्वांड उजळलं.

"आगं बाई! परत बांधलं की! पोरी, आता तरी..."

म्या म्होरं सरलो. काय तरी येडंवाकडं बोलून तिला भायेर काडायचं म्हनत हुतो. पन सून आदीच बोलली, भाकरी परतता परतता, तोंड बी न फिरवता.

"काकू, ते चौकटीचं आहे. दार मामांनी पळवलं ना, आता चौकटीला दिवस गेलेत."

वहिनीची वाटी हातातच ऱ्हायली. तवा माझी बायकू, जी चार वर्सं मागल्या भितीकडं डोळं लावून बसल्याली, ती मीठ वाटीत घालत म्हनली, "वयनी, हे घ्या मीठ. आन् ती कुंभारीन आळ्या न्यायला येती. कुनाला सांगावा द्यायला येत न्हाई. आळी हाय का तुमच्या घेवड्यात? आसंल तर सुनबाईला इचारा. दुसरं काय इचारू नका."

वहिनी मीठ घेऊन गेली. बायकूनं सुनेच्या हातातली भाकरी घेतली आन् म्हनली, "करपली बघ." करपली न्हवती.

दिवाळीला सून कामथडीला निघाली. ल्योक आला हुता, दोघं एसटीनं जानार. म्या पिशवी घेऊन थांब्यापतूर गेलो. थांब्यावरची तिघं बघत हुती म्या काय बोलतो, पन म्या त्या दिशी कायच बोललो न्हाई. गाडी आली. पायरीवर चढताना ती वळली.

"भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी येते. तोवर रोज सकाळी पानं उलटी करून बघा. काळ्या काटेरी दिसल्या तर?"

"चिरडायच्या न्हाईत."

"आणि दाराला भोकं पडली का बघा. पडली म्हणजे पोरं उडाली. मला फोन करून सांगा."

पाडव्याला भोकं पडली. दोन घरांना, पेनानं भोसकल्यावानी गोल. म्या फोन लावला तर पल्याड कामथडीच्या आंगनातली गडबड. म्या वराडून सांगितलं, "उडाली! दोन उडाली!" माझ्या आवाजानं बायकू भायेर आली. सून सांगितल्यासारखी भाऊबीजंच्या दुसऱ्या दिशी आली.

घेवडा संक्रांतीपतूर तोडला. काही शेंगा किडक्या निघाल्या, खोटं कशाला सांगू, पन भाजी झाली, भावकीला वाटला, बियानं बी ठिवलं. दार पावसाळ्याच्या तोंडाला परत बसवलं, बायकूच्या सांगन्यावरनं. ते आता नीट लागत न्हाई, तळाशी घासतं, म्या बसवलं ना.

ही गोष्ट म्या थांब्यावर लई बारी सांगितली. माशीला वाट दावली ते करून दावलं की अजून हसत्यात. शेवटाला कोनतरी इचारतंच, "आन् सुनेचं काय झालं म्होरं? पाळना हलला का?" इतकं समदं सांगनारा म्या, तिथं गप बसतो. त्यांना वाटतं, म्हातारा थकला. थकलो न्हाई. तिचं ती सांगंल, सांगावंसं वाटलं तर. घेवड्याचं काय इचारायचं आसंल तर इचारा, बी हाय घरात, देतो.